जिप्सीचा कॅम आणि आठ रॉकर: ऑक्टोबर ते मार्च

टॅपेट (व्हॉल्व्हवर दाबणारे स्क्रू) वाजायला लागले की गॅप सेट करायचा, तीनेकशे किलोमीटर बरे जातात, मग पुन्हा तीच टकटक. कार्ब्युरेटरवाल्या मारुती जिप्सी किंगच्या मालकांना हे चक्र पाठ असतं. १९९९च्या, एमएच-११ पासिंगच्या आमच्या गाडीत ते ऑक्टोबर २०२३ मध्ये तिसऱ्यांदा सुरू झालं. मार्च २०२४ मध्ये नोंदणीची मुदतही संपत होती. म्हणून या वेळी कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) आणि रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या तरफा) यांचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचं ठरलं. प्रत्यक्ष बसवण्याचं काम चार दिवसांचं. निवडण्यात आणि वाट बघण्यात दोन महिने गेले.

आधी कोणतं इंजिन ते स्पष्ट असू द्या, कारण सुटे भाग विकणारे घोळ इथेच घालतात. १९८५ची पहिली जिप्सी ९७० सीसीच्या एफ१०ए इंजिनावर आली. १९९६ मध्ये १२९८ सीसीचं जी१३बीए आलं: ८ व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर, ६० बीएचपी. २०००पासून १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (इंजेक्शनवालं) जी१३बीबी, ८० बीएचपी. पुढचं सगळं ८ व्हॉल्व्हच्या जी१३बीएबद्दल आहे. ‘तेराशेचा कॅम द्या’ एवढंच सांगितलं तर काउंटरवर १६ व्हॉल्व्हचा माल पुढे येतो, आणि तो या हेडमध्ये (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) बसत नाही.

या हेडची रचना साधी आहे. मधोमध बोगद्यासारखं आरपार भोक, त्यात कॅम. वेगळे बेअरिंग शेल नाहीत, कॅम थेट ॲल्युमिनियममध्ये फिरतो. वर दोन रॉकर शाफ्ट, एक इनटेकचा, एक एक्झॉस्टचा. प्रत्येक रॉकरचं एक टोक, म्हणजे पॅड, कॅमच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, घासत चालतं. दुसऱ्या टोकाचा ॲडजस्टिंग स्क्रू व्हॉल्व्हच्या दांडीवर दाबतो. रोलर नाही, हायड्रॉलिक लिफ्टर नाही. लोखंडावर लोखंड घासतं आणि मधे फक्त तेलाचा थर. या इंजिनाची बहुतेक दुखणी त्या थराशी येऊन थांबतात.

ऑक्टोबर: दोष नक्की कुठे

चढावर ओढ कमी झाली होती आणि आयडलवर इंजिन हलकं हिसका देत होतं. कॉम्प्रेशन तपासलं तर चारही सिलिंडर १६५ ते १७२ पीएसआय, म्हणजे जवळपास सारखे. बरेच जण इथेच फसतात आणि कार्ब्युरेटर खोलायला घेतात. एक्झॉस्टचा लोब झिजला तरी व्हॉल्व्ह बंद नीटच होतो, त्यामुळे कॉम्प्रेशन चांगलंच दिसतं. व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही, जळलेला वायू आतच राहतो, ताज्या मिश्रणाला जागा उरत नाही. हे कॉम्प्रेशन गेजला कळत नाही.

खरी तपासणी डायल गेजने होते. टॅपेट कव्हर काढायचं, एकेका व्हॉल्व्हचा गॅप शून्य करायचा, गेजची सुई स्प्रिंगच्या रिटेनरवर (वरच्या चकतीवर) टेकवायची आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. आठही आकडे कागदावर लिहायचे. आमच्याकडे सात आकडे जवळपास सारखे आले आणि तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पाऊण मिलिमीटर कमी उघडत होता. अर्ध्या तासाचं काम, डायल गेज स्टँडसह दीड-दोन हजारांत मिळतो. कॅम बदलायचा की नाही हे आवाजावर न ठरवता या आठ आकड्यांवर ठरवा.

गॅप सेट करूनही आवाज का परततो, तेही इथेच कळलं. रॉकरच्या पॅडवर आणि ॲडजस्टिंग स्क्रूच्या टोकावर खोलगट खड्डे पडले होते. फीलर गेजची पट्टी अशा खड्ड्यावर पुलासारखी बसते. पट्टी ०.१५ मि.मी. दाखवते, खालचा खरा गॅप त्याच्या दुप्पट असतो. कितीही मन लावून सेटिंग केलं तरी आकडा खोटाच येणार.

नोव्हेंबर: हेड खाली, आणि मापं

कॅम विकत घेण्याआधी हेड उतरवलं, हा निर्णय बरोबर ठरला. बोगद्याची झीज मर्यादेबाहेर असेल तर नवा कॅम घेऊनही उपयोग नसतो. तेलाचा दाब तिथून निसटतो आणि रॉकर शाफ्टपर्यंत तेल कमी पोचतं. मॅन्युअलप्रमाणे जर्नल (कॅमचे हेडमध्ये टेकणारे गोल भाग) आणि हेड यांच्यातला प्ले, म्हणजे मोकळी फट, नवा असताना ०.०५० ते ०.०९१ मि.मी. असतो, मर्यादा ०.१५. आमचा सर्वांत वाईट जर्नल ०.११ निघाला. हेड वाचलं.

उतरवताना तीन खुणा करून ठेवा. डिस्ट्रिब्युटर कॅमच्या मागच्या टोकावरून चालतो, तो काढण्याआधी रोटर कुठे बघतोय ते बॉडीवर खुणेने आखा. दुसरं, दोन्ही रॉकर शाफ्टची दिशा. ते एकसारखे नाहीत आणि उलट बसले तर स्क्रूची भोकं व तेलाचे मार्ग चुकतात. तिसरं, प्रत्येक रॉकर ज्या जागेवरून निघाला तिथला नंबर लिहून वेगळ्या पिशवीत. रॉकर टाकूनच द्यायचे असले तरी हे करा. झीज कुठे आणि कशी आहे, त्यावरून कारण सापडतं.

कॅम बाहेर आल्यावर मायक्रोमीटरने लोबची उंची घेतली. नव्या कॅमची उंची ३७.५०० मि.मी., चालणारी मर्यादा ३७.४००. म्हणजे कंपनी फक्त ०.१ मि.मी. झीज मान्य करते. आमचा तिसऱ्याचा एक्झॉस्ट लोब ३६.९२, बाकीचे ३७.३५ ते ३७.४५. या कॅमवर आणखी एक लोब असतो, यांत्रिक पेट्रोल पंप चालवणारा. तो नवा असताना ४०.०० आणि मर्यादा ३९.६०. हा लोब लक्षात ठेवा, पुढे त्यावरून एक पर्याय बाद झाला.

रॉकरचं आतलं भोक आणि शाफ्ट यांच्यातला प्ले ०.०१२ ते ०.०४५ मि.मी. असावा, मर्यादा ०.०९. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट रॉकर ०.१२वर होता. शाफ्टवर नख फिरवलं तर खालच्या बाजूला पायरी लागत होती. शाफ्ट पोकळ असतो, त्यातून तेल येतं आणि बारीक भोकांतून रॉकरला मिळतं. तिसऱ्या रॉकरखालचं भोक काळ्या मळीने जवळजवळ बुजलेलं होतं. कॅम खराब होण्याचं मूळ तिथे होतं, लोबचा त्यात दोष नव्हता. हे न शोधता नवा कॅम टाकला असता तर वर्षभरात तोही गेला असता.

१२ तारखेला दिवाळी. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं मशिन शॉप त्या आठवड्यात बंदच, त्यामुळे हेड १८ला पोचलं. धुणं, व्हॉल्व्ह सीट कटिंग, लॅपिंग, ०.१५ मि.मी. फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) असं मिळून ३,८०० रुपये आणि सात दिवस. फेसिंग कमीत कमी ठेवायला सांगा. ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात हेड खाली आलं की पट्ट्याचं अंतर घटतं आणि कॅमचं टायमिंग किंचित मागे पडतं. ०.१५ला फरक नगण्य, पण वारंवार फेस मारलेल्या हेडमध्ये तो जाणवण्याइतका साठतो.

गाडी एवढे दिवस उघड्या ब्लॉकने उभी राहणार असेल तर सिलिंडरमध्ये थोडं तेल फिरवा, वर स्वच्छ सुती कापड आणि प्लॅस्टिक बांधा, बॅटरीची टर्मिनल्स काढा. उंदीर वायरिंग कुरतडतात, हे लिहायचं कारण सांगायला नको.

कोणता कॅम? तीन वाटा

सुरुवातीला सगळ्यांचा ओढा ‘हाय लिफ्ट’, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उचलणाऱ्या, कॅमकडे असतो. त्याआधी हिशेब करून बघा. फोर-लो (चारही चाकं, संथ गती) आणि पहिला गिअर लावल्यावर इंजिनापासून चाकापर्यंतची घट तीस-बत्तीस पट होते. २०५/७० आर१५ टायरवर इंजिन २,००० आरपीएमला असताना गाडी ताशी जेमतेम ८ किलोमीटर चालते. दगडगोट्यांवर, ओढ्यात, ओल्या लाल मातीच्या चढावर पाय १,२०० ते ३,००० आरपीएमच्या दरम्यानच खेळत असतो. ज्या कॅमची खरी ताकद ४,०००च्या वर उघडते, तो या कामाला निरुपयोगी. तो ट्रॅकवरच्या गाडीसाठी.

यामागचं कारण इनटेक व्हॉल्व्ह बंद होण्याच्या क्षणात आहे. ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, वाढवलं की इनटेक उशिरा बंद होतो. जास्त वेगात हवा स्वतःच्या धावेने आत येत राहते, म्हणून तिथे फायदा. कमी वेगात पिस्टन वर येताना आत आलेलं मिश्रण उलट मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. प्रत्यक्ष दाब घटतो, खालचा टॉर्क जातो. शिवाय ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, वाढल्याने आयडलचा व्हॅक्यूम पडतो, कार्ब्युरेटरला नीट ओढ मिळत नाही, ब्रेक बूस्टर अशक्त होतो आणि पीयूसीच्या नळीत न जळलेले हायड्रोकार्बन वाढतात. साधारण ठोकताळा असा की ड्युरेशन १० अंशांनी वाढलं की ताकदीचा पट्टा सुमारे ५०० आरपीएम वर सरकतो. डोंगरातल्या गाडीला तो वर सरकून काहीच कामाचा नाही.

कॅमचं कार्ड, म्हणजे त्याच्या आकड्यांचा कागद, वाचताना एक चूक सर्रास होते. एक विक्रेता ‘ॲडव्हर्टाइज्ड’ ड्युरेशन देतो, दुसरा १ मि.मी. उचलीवरचं, तिसरा ०.०५० इंच म्हणजे १.२७ मि.मी. उचलीवरचं. एकाच कॅमचे हे आकडे चाळीस-पन्नास अंशांनी वेगळे दिसतात. त्यामुळे २६८चा कॅम २२०च्या कॅमपेक्षा ‘गरम’ असेलच असं नाही. दोन्ही आकडे एकाच उचलीवरचे मागा, सोबत लोबमधला कोन आणि इनटेक बंद होण्याचा बिंदू. हे न देणाऱ्याकडून कॅम घेऊ नका. लिफ्टचा आकडा लोबवरचा आहे की रॉकरच्या प्रमाणाने गुणलेला व्हॉल्व्हवरचा, हेही विचारा.

पहिली वाट परदेशी ‘टॉर्क’ कॅमची. याच घराण्यातली गाडी अमेरिकेत सामुराई नावाने विकली गेली, त्यामुळे तिथे या प्रकारच्या इंजिनाचे कॅम अजून बनतात, आणि सौम्य ग्राइंड (लोबचे आकार) खरोखर आपल्या वापराला साजेसे असतात. किंमत सुमारे २४,०००, भाडं ५,५००. कस्टम ड्युटी मालाच्या किमतीत भाडं मिळवून त्या बेरजेवर लागते, आणि जीएसटी ड्युटी धरून होणाऱ्या बेरजेवर. कुरियरवाल्यांचा अंदाज आणखी १४,५००. म्हणजे ४४,००० आणि तीन ते पाच आठवडे. शिवाय आधार-पॅनची केवायसी पार्सल निघण्याआधीच भरून ठेवावी लागते, नाहीतर ते कस्टम्समध्ये पडून राहतं आणि गोदाम-भाडं चढतं. पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारला म्हणून वाचलो: पेट्रोल पंपाचा लोब आहे का? नव्हता. म्हणजे इलेक्ट्रिक पंप, रिले आणि प्रेशर रेग्युलेटर वेगळे. ही वाट तिथेच सोडली.

दुसरी वाट रिग्राइंडची, म्हणजे जुनाच कॅम घासून पुन्हा आकार देण्याची. खर्च ३,५००, वेळ पाच दिवस, म्हणून मोह पडतो. लोबचं नाक जितकं खाल्लं गेलंय तेवढा सगळाच आकार खाली आणावा लागतो. आमच्या बाबतीत जवळपास ०.६ मि.मी. त्यातून दोन गोष्टी होतात. कॅम चिल्ड कास्ट आयर्नचा असतो, पृष्ठभाग कडक आणि गाभा मऊ. जास्त घासलं की मऊ थर उघडा पडतो आणि नवा लोब काही हजार किलोमीटरांत गोल होतो. दुसरं म्हणजे बेस सर्कल (लोबचा उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) लहान झाल्याने रॉकर कॅमच्या बाजूला झुकतो, स्क्रू व्हॉल्व्हकडे जास्त खाली फिरवावा लागतो, आणि पॅड लोबला मधोमध न घासता कडेने घासू लागतं. वेल्डिंगने भरून पुन्हा घासून देणारेही आहेत, पण त्या उष्णतेने कॅम वाकतो आणि सरळ करताना तडकण्याचा धोका असतो. झीज ०.२च्या आत असेल, खड्डे नसतील, तर रिग्राइंडला हरकत नाही. त्यापलीकडे नको.

तिसरी वाट मूळ आकाराचाच नवा कॅम. मूळ ग्राइंड खालच्या टॉर्कसाठी वाईट नाही; इतकी वर्षं घाटात आणि सैन्यात तोच चालला. बरं, गाडीची ओढ गेली होती ती झिजलेल्या लोबमुळे, आकारामुळे नव्हे. शेवटी हेच ठरलं. अडचण मिळण्याची. २०००नंतर हे इंजिन जिप्सीत बसलंच नाही, त्यामुळे अधिकृत काउंटरवर ‘सप्लाय बंद’. पुण्याच्या नाना पेठेत चार दुकानांत नकार, पाचव्यात पेटीविना एक कॅम, जर्नलवर गंजाचे ठिपके. घेतला नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून जुन्या स्टॉकमधला नवा कॅम सापडला. ६,८०० रुपये, जीएसटी बिलासह. पैसे पाठवण्याआधी चार फोटो मागवले: लोबवर मायक्रोमीटर लावून, पंपाचा लोब, मागचं डिस्ट्रिब्युटरकडचं टोक, आणि कॅमवरचा कास्टिंग नंबर. माल नऊ दिवसांत आला. आल्यावर व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलचा वाक बघितला, मर्यादा ०.१०, आमचा ०.०२.

रॉकर: इथे काटकसर नको

नव्या कॅमवर जुने रॉकर कधीही बसवू नका. जुन्या पॅडने जुन्या लोबचा आकार घेतलेला असतो. नव्या लोबवर तो एका रेषेत टेकतो, तेवढ्या जागी सगळा दाब येतो आणि पहिल्या तासाभरातच ओरखडे उठतात. पॅड घासून ‘फेस’ करून देणारे असतात. त्यात वरचा कडक थर निघून जातो आणि पॅडची गोलाईही बदलते. १,५०० रुपये वाचतात, कॅम जातो.

आठ रॉकर प्रत्येकी ७८० प्रमाणे घेतले. पहिल्या लॉटमधले तीन परत केले. तपासणी अशी: पॅडच्या अगदी कडेला बारीक कानस हलकेच ओढा. कडक पॅडवर कानस घसरते, काचेवर घसरावी तशी. मऊ असेल तर पकडते आणि चमकदार रेघ उठते. त्या तिघांवर रेघ उठली. पेटी, होलोग्राम सगळं व्यवस्थित होतं. मग पॅडचा पृष्ठभाग तिरप्या उजेडात बघा. मशिनच्या रेघा दिसत असतील तर नको. दोन्ही शाफ्टही नवे घेतले, १,९०० रुपये. पायरी पडलेल्या शाफ्टवर नवा रॉकर म्हणजे नव्या चपलेत जुना खडा.

जानेवारी: बसवणं

नवे शाफ्टसुद्धा बसवण्याआधी डिझेलने धुऊन, प्रत्येक भोकात बारीक तार फिरवून हवेने फुंकून घ्या. हेडमधला तेलाचा मार्गही तसाच. जर्नलवर इंजिन ऑइल, लोबवर आणि पॅडवर मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट. नुसतं ऑइल लोबवरून रात्रीत ओघळून जातं.

मूळ कॅम असला तरी पॅड कुठे घासतंय ते एकदा बघाच. लोबवर मार्करची शाई लावा, गॅप सेट करून इंजिन हाताने दोन वेढे फिरवा, शाई पुसली गेलेली जागा पॅडच्या मधल्या भागात हवी. ज्यांनी जास्त लिफ्टचा कॅम घेतलाय त्यांना आणखी तीन तपासण्या आहेत: पूर्ण उचलीला स्प्रिंगच्या वेढ्यांत मिळून किमान १ मि.मी. फट, रिटेनर आणि व्हॉल्व्ह सीलमध्ये दीड, आणि पिस्टनवर मुलांची खेळायची माती थापून व्हॉल्व्हपासूनचं अंतर इनटेकला किमान २, एक्झॉस्टला अडीच. हे न बघता स्टार्टर मारणं म्हणजे जुगार.

हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर नवे. बेल्ट ताणताना सगळे ॲडजस्टिंग स्क्रू पूर्ण सैल ठेवा. स्प्रिंगा कॅमला ढकलत असतील तर बेल्ट एका बाजूला सैल राहतो आणि ताण चुकीचा बसतो. क्रँक दोन वेढे फिरवून खुणा पुन्हा जुळवा, मगच टेन्शनर घट्ट.

इथे एक सापळा आहे. बेल्टच्या खुणा जुळल्या म्हणजे पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे असं समजून डिस्ट्रिब्युटर टाकला, तर तो १८० अंश उलटा बसू शकतो आणि गाडी फक्त फटफट करते. स्पार्क प्लगच्या भोकावर बोट ठेवा, हवा बोट ढकलते तो कॉम्प्रेशनचा फेरा. खात्री करूनच डिस्ट्रिब्युटर घाला.

गॅप थंड इंजिनावर: इनटेक ०.१३ ते ०.१७, एक्झॉस्ट ०.१६ ते ०.२० मि.मी. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. पहिला कॉम्प्रेशनच्या टोकाला असताना पहिल्याचे दोन्ही, दुसऱ्याचा इनटेक, तिसऱ्याचा एक्झॉस्ट. क्रँक एक पूर्ण वेढा फिरवून चौथ्याचे दोन्ही, तिसऱ्याचा इनटेक, दुसऱ्याचा एक्झॉस्ट. बाहेरचा कॅम असेल तर त्याच्या कार्डवरचा गॅप घ्यायचा, मॅन्युअलमधला नाही.

पहिला स्टार्ट सगळ्यांत नाजूक. प्लग काढून ठेवा आणि तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंतच स्टार्टर मारा, उगाच लांबवू नका. प्रत्येक वेढ्याला लोबवरची पेस्ट निघत असते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आधीच भरलेलं, इग्निशन जवळपास बरोबर, रेडिएटर भरलेला. इंजिन पकडताच आयडलवर न सोडता लगेच २,०००वर न्या आणि वीस मिनिटं २,००० ते २,५०० दरम्यान फिरवत ठेवा. लोबला तेल मुख्यतः उडूनच मिळतं आणि आयडलवर ते कमी उडतं. गाडीत टॅकोमीटर नसेल तर डिजिटल टाइमिंग लाइटवर आरपीएम दिसतो. शेजारी कुणीतरी तापमान बघायला ठेवा. वीस मिनिटं फार लांब वाटतात, प्रत्येक नवा आवाज दोषाचाच वाटतो.

तेल १५डब्ल्यू-४०, सीआय-४ दर्जाचं. पातळ, नव्या पेट्रोल गाड्यांच्या तेलात जस्त-फॉस्फरसचं प्रमाण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी कमी ठेवलेलं असतं. घासणाऱ्या कॅमला ते हवंच. ते तेल व फिल्टर १०० किलोमीटरला टाकून दिलं. चुंबकावर राखाडी लगदा होता, कण नव्हते. कण चिमटीत खरखरीत लागले तर थांबून कव्हर काढा.

हिशेब: कॅम ६,८००, रॉकर ६,२४०, शाफ्ट १,९००, हेड गॅस्केट सेट २,४००, बेल्ट-टेन्शनर-सील २,९००, मशिन शॉप ३,८००, मजुरी ७,०००, दोन वेळचं तेल-फिल्टर २,६००. एकूण ३३,६४०.

पीयूसी आणि आरटीओ

कॅम बदलला तर आरटीओला कळवावं लागतं का, हे खूप जण विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरचा तपशील बदलणाऱ्या फेरफारांबद्दल आहे. मूळ आकाराच्या कॅमने इंजिन नंबर, सीसी, इंधन यांतलं काहीच बदलत नाही. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. बिलं मात्र जपून ठेवा, तपासणीत नवीन हेड गॅस्केट बघून कुणी विचारलं तर दाखवता येतात.

पीयूसी गरम इंजिनावर करा, वीस मिनिटं चालवून. भारत स्टेज-२च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के, हायड्रोकार्बन १,५०० पीपीएम. ऑक्टोबरमध्ये हायड्रोकार्बन १,१८० आलं होतं, आता ४८०. कार्ब्युरेटरला हातही लावला नव्हता.

नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५मध्ये, मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून घेतात, त्याआधी नाही. सगळं परिवहनच्या संकेतस्थळावरून. आमचं पहिलं पाऊलच अडलं, कारण नोंदणीला जोडलेला मोबाइल नंबर जुना आणि ओटीपी तिकडे. तो बदलायला आठ दिवस. हे काम हेड उतरवलेलं असतानाच उरकून घ्या. तेव्हा, २०२४ मध्ये, शुल्क ५,००० आणि पर्यावरण कर पाच वर्षांचा ३,००० रुपये लागला. आरसी, विमा, पीयूसी, चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा. चेसिस नंबर मातीने आणि गंजाने भरलेला असतो, आदल्या दिवशी डिझेलने पुसून दोन ठसे घरीच काढून न्या. अपॉइंटमेंट १९ फेब्रुवारीला मिळाली, त्या दिवशी शिवजयंतीची सुट्टी. पोर्टलने तरी ती दिली होती. पुढची २७ला. तपासणी दहा मिनिटांची, रांग तीन तासांची. आरसी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टाने आली.

१,००० किलोमीटरनंतर गॅप पुन्हा मोजले. सात जागच्या जागी, दुसऱ्याचा इनटेक ०.०२ने वाढलेला, तो पुन्हा सेट केला. आठही व्हॉल्व्हच्या उचलीचे आकडे नवा कॅम बसवल्यावर पहिल्या दिवशी लिहिलेल्या कागदाशी जुळले. तो कागद टॅपेट कव्हरच्या गॅस्केटच्या पेटीत ठेवलाय. पुढची मोजणी ५,०००ला.